सर्दी डोळ्याकडे सरकते तेव्हा

पत्र:

डॉक्टर, आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात त्याला नेहमीसारखी सर्दी झाली. पाचव्या दिवशी उतार पडला, शाळेतही जाऊन आला. सातव्या दिवशी पुन्हा ताप चढला, नाकातून घट्ट पिवळं यायला लागलं आणि डोकं दुखतं म्हणून रडायला लागला. आमच्या घरात सर्दीचं कुणाला फारसं काही वाटत नाही. मिस्टरांना तीन वर्षांपासून सायनस आहे. त्यांची उजवी नाकपुडी कायम वाहते, तिला घाण वास येतो, ते म्हणतात सवय झाली. मुलाची डावी पापणी नवव्या दिवशी सकाळी सुजलेली दिसली. किडा चावला असेल असं समजून मी दिवसभर बर्फ लावत बसले. दुसऱ्या दिवशी डोळा उघडेना. मी बोटाने पापणी वर केली तर बुबुळ पुढे आल्यासारखं वाटलं, आणि "वर बघ" म्हटलं तर त्याला वर बघता येईना. मग आम्ही धावलो. स्कॅनमध्ये डोळ्याशेजारी पू दिसला. त्याच रात्री नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन झालं, आठ दिवस शिरेतून औषधं चालली. आता नजर चांगली आहे. पण माझं मन थाऱ्यावर नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "अजून एक दिवस गेला असता तर मेंदूत गेलं असतं." हे खरं आहे का? साध्या सर्दीतून एवढं होतंच कसं? तो बर्फाचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. आता त्याला नुसती शिंक आली तरी मी रात्रभर जागी असते. शेजारच्या वहिनी म्हणतात, सर्दी झाली की पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करत जा. तसं करू का?

— एक आई

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. "मी बोटाने पापणी वर केली." सुजलेली पापणी उघडायला हात धजावत नाही. मूल किंचाळतं, आपल्या पोटात कालवतं, वाटतं राहू दे, उगाच दुखेल. म्हणून कितीतरी घरांत पापणी मिटलेलीच राहते आणि तिच्यामागे काय चाललंय ते कुणाला कळत नाही. तुम्ही ती उघडलीत, डोळा पुढे आलाय हे पाहिलंत आणि त्याला वर बघायला सांगितलंत. असं मूल आमच्याकडे आलं की आम्हीही सर्वांत आधी हेच करतो. तुमच्या मुलाची नजर आज शाबूत आहे, त्यात त्या बोटाचा वाटा आहे.

बर्फाच्या दिवसाबद्दल मात्र तुमची नुसती समजूत घालणार नाही. आदल्या दिवशी सकाळीच दाखवलं असतं तर कदाचित ऑपरेशनशिवाय, फक्त शिरेतल्या औषधांवर भागलं असतं. कदाचित नसतंही भागलं. पण एका पापणीची सूज बघून किडा चावला असं वाटणं हा काही निष्काळजीपणा नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरही त्यात फसतात. खरी खूण त्या पापणीत नव्हतीच, ती आधीच्या दिवसांत होती: उतरलेली सर्दी पुन्हा चढली होती. या खुणेला काय म्हणतात, तिचा अर्थ काय, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम आमचं. ते आज करते.

आधी "एवढं होतंच कसं" ते बघू.

चेहऱ्याच्या हाडांमध्ये हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. एक जोडी गालात, एक भुवयांच्या वर कपाळात, एक दोन्ही डोळ्यांच्या मधे मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची, आणि एक पार आत, कवटीच्या मधोमध. या सगळ्या बारीक वाटांनी नाकात उघडतात आणि त्यांच्यातला ओलावा त्याच वाटांनी नाकात उतरतो. या पोकळ्या म्हणजेच सायनस. आपण म्हणतो "नाकाचा सायनस", म्हणून वाटतं हे सगळं नाकाचं प्रकरण आहे. पण भिंतीला भिंत लागून आहे ती डोळ्याची आणि मेंदूची.

मी शिकत असताना शरीररचनेच्या सरांनी एक कोरडी कवटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, खिडकीकडे धर आणि डोळ्याच्या खोबणीत बघ. खोबणीच्या नाकाकडच्या बाजूला उजेड हाडातून आरपार आला होता. वाळलेल्या पापुद्र्यातून यावा तसा, पिवळसर, आणि त्यात पलीकडच्या कप्प्यांच्या रेघा उमटलेल्या. त्या हाडाच्या लॅटिन नावाचा अर्थच कागदासारखा पत्रा असा आहे. त्याची जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. शिवाय रक्तवाहिन्या आणि नसा आत-बाहेर जायला त्यात बारीक भोकं असतात. मुलाचा डोळा आणि त्याच्या नाकातला पू यांच्या मधे एवढंच होतं, ताई. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक आईला ती कवटी एकदा खिडकीत धरून दाखवावी असं मला नेहमी वाटतं.

सर्दीत नाकाचं अस्तर सुजतं आणि त्या निचऱ्याच्या वाटा बंद होतात. आत साचतं, तिथे जंतू वाढतात, पू होतो, दाब वाढतो. बहुतेक वेळा सूज ओसरते, वाट मोकळी होते आणि सगळं वाहून जातं. क्वचित कधी तो पू बाहेरची वाट सोडून भिंतीकडे सरकतो. त्याला दोन रस्ते असतात. एक म्हणजे सरळ हाडातून, हाड कुजवत किंवा त्यातल्या भोकांतून. दुसरा रस्ता शिरांचा. हातापायांतल्या शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे रक्त एकाच दिशेने जातं. चेहरा, डोळा, कपाळाचं हाड आणि मेंदूची आवरणं यांना जोडणाऱ्या शिरांमध्ये अशा झडपा जवळजवळ नसतातच. तिथे रक्त दोन्ही दिशांनी जाऊ शकतं आणि त्याच्याबरोबर जंतूही. म्हणूनच कधीकधी स्कॅनमध्ये हाड धडधाकट दिसतं आणि तरी पलीकडे संसर्ग पोहोचलेला असतो.

तुमच्या मुलाच्या बाबतीत काय झालं ते आता स्पष्ट होईल. डोळ्याच्या संसर्गाच्या पाच अवस्था आम्ही शिकतो. १९७० मध्ये चँडलर नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसोबत त्या मांडल्या आणि आजही जगभर त्याच वापरतात. पहिलीत सूज फक्त पापणीत असते. पापणीच्या मागे एक पातळ पडदा असतो, त्याच्या अलीकडेच ती थांबलेली असते. डोळा आत व्यवस्थित फिरतो, नजर स्वच्छ असते. दुसरीत सूज पडद्यामागे, खोबणीत शिरते. तिसरीत त्या कागदी हाडाच्या आणि त्याच्या आवरणाच्या मधे पू साठतो. तुमच्या मुलाला बहुधा हेच झालं होतं. चौथीत खुद्द खोबणीत गळू होतं. आणि पाचवीत मेंदूच्या तळाशी असलेल्या एका मोठ्या शिरेच्या जाळ्यात रक्ताची गुठळी होते, त्याबद्दल पुढे सांगते.

पहिली आणि दुसरी यांच्यातलं अंतर बाहेरून दिसत नाही. दोन्हींत पापणी सारखीच लाल आणि फुगलेली. फरक कळतो तो पापणी उघडल्यावरच. डोळा पुढे आलाय का, वर-खाली-आजूबाजूला फिरतो का, फिरवताना दुखतं का, एकाचे दोन दिसतात का. मोठ्या माणसाच्या डोळ्याची खोबणी म्हणजे साधारण ३० मिलिलिटरची हाडाची वाटी, मुलाची त्याहून लहान. तिन्ही-चारी बाजूंनी हाड, त्यामुळे आत पू आला की पसरायला जागा नाही. डोळा पुढे ढकलला जातो आणि मागची नजरेची नस ताणली जाते, चेपली जाते. तिचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांतसुद्धा नजर कायमची जाऊ शकते. त्याच रात्री ऑपरेशन करायची घाई होती ती याचसाठी.

वॉर्डात परिचारिका रात्री-अपरात्री येऊन मुलाला उठवत असतील, डोळ्यात टॉर्च मारत असतील, एक डोळा झाकून रंग विचारत असतील. तुम्हाला वाटलं असेल, पोराला जरा झोपू का देत नाहीत. नजरेच्या नसेवर दाब आला की पुष्कळदा रंग आधी फिके होतात, त्यातही लाल. अक्षरं वाचता येत असतात, पण लाल झाकण एका डोळ्याला लालभडक दिसतं आणि दुसऱ्याला विटकं, धुतल्यासारखं. माझ्या ॲप्रनच्या खिशात बाटलीचं एक लाल झाकण कायम असतं. एका मुलीने ते डाव्या डोळ्याने बघून "हे वेगळं झाकण आहे" असं सांगितलं होतं. झाकण तेच होतं. त्यानंतर अर्ध्या तासात ती ऑपरेशनच्या टेबलावर होती, आणि तिची नजर वाचली.

आता "अजून एक दिवस गेला असता तर मेंदूत गेलं असतं" याबद्दल. भेटायला येणारे हे प्रेमापोटी बोलतात, पण तसं छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. संसर्ग नाकातून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूत अशा पायऱ्या मोजत चढत नाही. डोळ्याकडचा रस्ता वेगळा आणि मेंदूकडचा बहुतेक वेळा वेगळा. तुमच्या मुलाच्या वयात डोळ्यांमधल्या कप्प्यांतून डोळ्याला धोका जास्त. एक दिवस आणखी गेला असता तर पहिली टांगणीला लागली असती ती त्याची नजर. मेंदूची शक्यता शून्य होती असं मी म्हणणार नाही, पण "नक्की गेलं असतं" हे वाक्य तुम्ही डोक्यातून काढून टाका.

मेंदूचं खरं भय आहे ते थोड्या मोठ्या मुलांना, म्हणजे किशोरवयातल्यांना, आणि त्यातही मुलांना मुलींपेक्षा जास्त. कपाळातल्या पोकळ्या जन्मतः नसतात म्हटलं तरी चालेल. त्या सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागतात आणि विशीच्या उंबरठ्यापर्यंत वाढत राहतात. वाढीच्या या वर्षांत कपाळाच्या हाडात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, आणि पोकळीची मागची भिंत म्हणजे थेट मेंदूची पुढची भिंत. तुमचा मुलगा दोन-चार वर्षांत त्या वयात येईल, म्हणून हा भाग नीट वाचा.

मी नवखी असताना एका रुग्णालयात पंधरा वर्षांचा एक मुलगा आला होता. दोन आठवड्यांची सर्दी, ताप, कपाळ दुखतंय. मी कपाळावर दाबून बघितलं, दुखलं, सायनसचा संसर्ग लिहिला, गोळ्या लिहिल्या. त्याला घरी पाठवणार एवढ्यात आमच्या वरिष्ठ बाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी मुलाकडे एकदा बघितलं आणि वडिलांना विचारलं, "हा नेहमी असाच गप्प असतो का?" वडील म्हणाले, "छे हो, बोलून बोलून डोकं खातो. हे दोन दिवसच असा बसून राहतोय. काल चप्पल उलटी घालून निघाला होता." बाईंनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि मुलाला स्कॅनला पाठवलं. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली पू पसरला होता. त्याच दिवशी मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी तो काढला. मुलगा वाचला. मी त्या दिवशी जे चुकले ते आजही विसरलेले नाही, आणि तो प्रश्न तेव्हापासून प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना विचारते: हा नेहमी असाच असतो का?

कारण मेंदूचा पुढचा भाग बराच काळ मुका राहतो. तिथे पू साठला तरी हातपाय चालतात, बोलणं चालतं. बदलतो तो स्वभाव. मूल गप्प होतं किंवा चिडचिडं होतं, झोपाळू होतं, विचारलेल्याचं उत्तर उशिरा देतं. घरच्यांना वाटतं तापाने थकलंय. पण तापाने थकलेलं मूल ताप उतरला की जरा खेळतं, हसतं. हे मूल ताप उतरल्यावरही हरवल्यासारखंच असतं. पुढे उलट्या, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, झटके येणं, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर पडणं अशी लक्षणं येतात. मेंदूच्या आवरणाला सूज, आवरणाखाली किंवा वर पू, खुद्द मेंदूत गळू, यांतलं काहीही असू शकतं.

कपाळाची आणखी एक खूण डोळ्यांनी दिसते. कपाळावर, भुवईच्या वर, मऊ पिठूळ फुगवटा येतो. बोट दाबलं तर खड्डा पडतो. टेंगूळ आलंय, कुठेतरी आपटला असेल, असं वाटतं. अठराव्या शतकात लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी या फुगवट्याचं वर्णन केलं आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा अर्थ एकच, कपाळाचं हाड कुजतंय आणि पू बाहेरच्या बाजूला आलाय. अशा वेळी पुष्कळदा तो आतल्या बाजूलाही आलेला असतो. कुठे आपटल्याचं मुलाला आठवत नसेल, आणि आधी सर्दी-डोकेदुखी झालेली असेल, तर त्या टेंगळाला शेक देत बसायचं नाही.

पाचव्या अवस्थेतली ती गुठळी आता. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी शिरांचं एक जाळं आहे. डोळा हलवणाऱ्या नसा त्याच्यातून किंवा त्याच्या भिंतीतून जातात. दोन्ही बाजूंची जाळी एकमेकांना जोडलेली आहेत. म्हणून एका डोळ्याची सूज असताना दुसराही डोळा सुजायला, पुढे यायला किंवा हलेनासा व्हायला लागला, तर आम्ही धसका घेतो. अँटिबायोटिक येण्याआधीच्या काळात यातून जवळजवळ कुणी वाचत नसे. आज बहुतेक वाचतात, वेळेवर आले तर. पण आजही यात जीव जातात.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग वहिनी म्हणतात तेच बरोबर, पहिल्याच शिंकेला अँटिबायोटिक. नाही ताई. हे करू नका.

सर्दी विषाणूंनी होते आणि अँटिबायोटिकला विषाणू दाद देत नाहीत. मोठ्या माणसांच्या १०० सर्द्यांपैकी फार तर दोनांमध्ये पुढे जिवाणूंचा सायनस होतो, मुलांमध्ये थोडं जास्त, ५ ते १० मध्ये. त्यांतलेही बहुसंख्य साधेपणाने बरे होतात. डोळ्यापर्यंत किंवा मेंदूपर्यंत जाणारे अगदी मोजके. शाळेतल्या मुलाला वर्षात सहा-आठ सर्द्या होणं स्वाभाविक आहे. प्रत्येक वेळी औषध दिलंत तर वर्षभर मूल अँटिबायोटिकवर राहील, नाकातल्या जंतूंना त्या औषधाची सवय होईल, आणि ज्या एका दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी ते चालणार नाही. घरात उरलेल्या गोळ्या दोन-तीन दिवस देऊन बंद करणं तर त्याहून वाईट. त्याने ताप दबतो, आजार अर्धवट झाकला जातो आणि आम्हाला चुकीचं चित्र दिसतं.

तुम्ही औषधाऐवजी दिवस मोजा. सर्दी सुरू झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. एवढं एकच काम तुमची रात्रीची अर्धी झोप परत आणेल असं मला वाटतं. साधी सर्दी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत जोरात असते, मग उतरत जाते. शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा झाला तर लोक म्हणतात सर्दी पिकली. नुसत्या रंगावरून घाबरू नका, साध्या सर्दीतही तो तसा होतो. तीन गोष्टींपैकी एक झाली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. दहा दिवस उलटून गेले आणि काडीचाही फरक नाही. किंवा सुरुवातीपासूनच १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, सोबत पिवळा शेंबूड, आणि तीन-चार दिवस दोन्ही हटत नाहीत. किंवा पाच-सहा दिवसांनी उतरलेली सर्दी पुन्हा उलटली. तुमच्या मुलाचं झालं ते हे तिसरं. या तिन्हींत धावपळ करायची गरज नसते, एक-दोन दिवसांत दाखवायचं असतं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर मग ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्यायचं.

आणि काही गोष्टी अशा आहेत की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. डोळ्याभोवती किंवा पापणीला सूज, तीही सर्दी-तापासोबत. डोळा पुढे येणं, न फिरणं, दुहेरी किंवा अंधुक दिसणं. कपाळावर मऊ फुगवटा. गोळीने न थांबणारी, झोपेतून उठवणारी डोकेदुखी, त्यासोबत उलट्या. मान पुढे वाकवता न येणं. आणि तुमचं मूल तुम्हाला तुमचं वाटेनासं होणं. हे शेवटचं कुठल्याही यंत्रावर दिसत नाही. ते आईलाच कळतं, आणि डॉक्टरांपुढे ते संकोच न करता सांगायचं: "हा असा नसतो." अशा वेळी जवळच्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नका. जिथे स्कॅन होतो, डोळ्यांचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत, अशाच ठिकाणी जा. ऑपरेशन लागू शकतं म्हणून वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका.

घरच्या उपायांचं थोडक्यात सांगते. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. नाक शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी आणि हलक्या हाताने. नाक मोकळं करणारे थेंब डॉक्टरांनी दिले तरच, आणि तीन ते पाच दिवसांच्या वर नाही. त्यानंतर तेच थेंब नाक जास्त चोंदवतात आणि माणूस त्यांच्यावर अडकतो. वाफेबद्दल माझं मत कडक आहे. वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, आजार बरा होत नाही, आणि उकळत्या पाण्याचं भांडं मांडीवर सांडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. लहान मुलाला चादरीखाली कोंडून भांड्यावर वाकवू नका. गरम पाण्याने आंघोळ घालून थोडा वेळ न्हाणीघराच्या वाफेत उभं केलं तरी पुरे.

त्याच्या लसी पूर्ण आहेत ना तेही एकदा तपासा. न्यूमोकोकस आणि हिब या जिवाणूंच्या लसी लहानपणीच देतात, आणि सायनसमध्ये व डोळ्यामागे पू करणाऱ्या जंतूंत हे दोघंही असतात. हिबची लस आल्यापासून त्या जंतूमुळे होणारे डोळ्याचे संसर्ग खूप कमी झाले.

घरात कुणाला मधुमेह असेल, किंवा कुणी स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असेल, केमोथेरपी चालू असेल, तर त्यांना वरचा दहा दिवसांचा हिशेब लावू नका. अशा माणसांत बुरशी नाकात शिरून रक्तवाहिन्या बंद करत जाते आणि दिवसा-दोन दिवसांत डोळ्यापर्यंत पोहोचते. कोविडच्या साथीत "काळी बुरशी" हे नाव ऐकलं असेल, ती हीच. गाल बधिर होणं, नाकातून काळसर खपली किंवा रक्ताळ पाणी येणं, टाळूवर काळा डाग दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

मुलाच्या पुढच्या तपासणीला जाताना दोन गोष्टी विचारा. पोहायला केव्हा सोडायचं, आणि त्याला नाकाची ॲलर्जी किंवा टाळूमागच्या गाठींची वाढ आहे का. तो तोंडाने श्वास घेत झोपत असेल, घोरत असेल, तर ते आवर्जून सांगा. निचऱ्याच्या वाटा वारंवार कशाने बंद होतात ते शोधून त्यावर उपचार झाले की पुढच्या सर्द्या इतक्या तुंबत नाहीत.

आता पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेली एक ओळ. मिस्टरांची उजवी नाकपुडी तीन वर्षं वाहते आणि तिला घाण वास येतो. मुलाच्या काळजीत ती ओळ तुमच्या नजरेतून सुटली असेल, माझ्या नाही. खरा सर्दीचा सायनस सहसा दोन्ही बाजूंना असतो. एकाच बाजूचा, वास मारणारा, वर्षानुवर्षं चाललेला सायनस म्हणजे कारण त्या एका बाजूलाच काहीतरी आहे. पुष्कळदा ते वरची दाढ असते. वरच्या दाढांची मुळं गालातल्या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात, काहींची तर तळातून आत डोकावतात. दाढ किडली, किंवा तिचं जुनं रूट कॅनल आतून बिघडलं, की पू खाली हिरडीत येण्याऐवजी वर पोकळीत जातो. दाढ दुखतही नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. अशा सायनसवर कितीही गोळ्या घेतल्या तरी तो परत येतो, कारण झरा दाढेत असतो. कधी आत बुरशीचा गोळा असतो. आणि क्वचित, विशेषतः शेंबडात रक्त येत असेल किंवा गाल बधिर वाटत असेल तर, गाठ असू शकते. ती नाही ना हे बघितल्याशिवाय "सवय झाली" म्हणून सोडून देता येणार नाही.

त्यांना विचारा, उजव्या बाजूच्या वरच्या दाढेचं कधी काही काम झालंय का. मग एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. ते दुर्बिणीतून नाक बघतील आणि स्कॅन सांगतील. तो स्कॅन करताना दाढांची मुळंही त्यात यायला हवीत असं आधीच सांगा, नाहीतर कधीकधी चित्र मुळांच्या वरच संपतं. तोच स्कॅन घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जा. मिस्टर "बघू नंतर" म्हणतील, तर मुलाच्या पुढच्या तपासणीच्या दिवशीच त्यांचाही नंबर लावून टाका. त्या दिवशी त्यांना यायचंच आहे.